शेपूट कापलेला तार्लान

६ डिसेंबर

तोर्गिन,

फोन तू मध्येच ठेवून देतेस. कागद तसा ठेवून देता येत नाही. पालथा घातलास तरी तो टेबलावर पडून राहतो, म्हणून लिहिते आहे.

तुझा अर्ज मिळाला. अकरा हजार सह्या, कुठल्या कुठल्या देशांतल्या, आणि सगळ्यांच्या वर तुझं नाव. डॉक्टर तोर्गिन, घोड्यांची डॉक्टर, हॅम्बुर्ग. ‘माळावरच्या घोड्यांची कत्तल थांबवा.’ शनिवारी मी तो संस्कृती भवनात मोठ्यानं वाचून दाखवला. दोनशे माणसं होती. एक गुराखी मागून ओरडला, “कुन्सुलू आपा, या अकरा हजारांतल्या कितीजणांनी उणे चाळीसात घोडा राखलाय?” हशा झाला. मी हसले नाही. मी बोलले. तू नव्हतीस, म्हणून थोडक्यात इथं देते.

मी म्हणाले, आपल्या मातीत गहू धड येत नाही, भाजी येत नाही, बर्फ तेवढा भरपूर येतो. गाय बर्फापुढे उभी राहून हंबरते. घोडा खुरानं बर्फ फोडतो आणि खालचं गवत खातो. त्या गवतावर आपण जगलो, घोड्यामार्फत. उद्या घोडा खाणं थांबवा, परवा हे कळप कोण पाळणार आहे? प्रेमापोटी माणूस एक घोडा पाळतो, चारशे पाळत नाही.

तू लिहिलंस, घोडा मित्र आहे आणि मित्राला कुणी खात नाही. मग तुझ्या दवाखान्यात मित्राचं काय होतं? मागे सुटीला आली होतीस तेव्हा तूच सांगितलंस. पाय मोडला की सुई. सुईनं मांस विषारी होतं, म्हणून गाडी येते आणि मित्र भट्टीत जातो. आम्ही जनावराला पाणी पाजतो, मान किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला करतो, दोष तुझा नाही असं त्याला सांगतो, आणि मग कातड्यापासून शेपटीच्या केसापर्यंत त्याचं काहीही वाया घालवत नाही. कवटी उंचावर ठेवतो, कुणाचा पाय लागू नये म्हणून. दोन्हीत मान कुठल्यात जास्त आहे, ते तुझ्या अकरा हजारांनी मला सांगावं.

टाळ्या बराच वेळ चालल्या. घरी येताना बेइसेन म्हणाला, “भाषण गावासाठी होतं की बहिणीसाठी?” नवऱ्यांना असले प्रश्न नेमके बूट काढताना सुचतात.

आता तार्लानचं. आपले वडील गेले त्या दिवशी मी माझ्या हातानं त्यांच्या घोड्याच्या शेपटीचे केस मुळाशी कापले. तेव्हापासून तो सुतकातला घोडा आहे. त्याच्यावर खोगीर चढत नाही, कुणी बसत नाही, वर्षभर तो मोकळा चरतो आणि वर्षाच्या जेवणाला कापला जातो, म्हणजे मालकाला मरणानंतरच्या वाटेवर पायी जावं लागत नाही. फार कमी घरं आता हे पाळतात. मी पाळते. येत्या वीस ऑगस्टला तार्लान कापला जाईल.

तू म्हणतेस तो तुझा. कुणी सांगितलं? शेवटचे अकरा दिवस त्यांच्या उशाशी मी होते. तार्लानबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

अर्जाबरोबर तुझी मुलाखतही पाहिली. तुझ्या मागे भिंतीवर फोटो आहे. एका बाजूला ते, दुसऱ्या बाजूला तार्लान, मध्ये तू. सुंदर आहे म्हणे फोटो, खाली लोकांनी लिहिलंय. तो मी काढला होता.

यंदाच्या हिवाळी मांसातला तुझा वाटा बाजूला ठेवला आहे. चार बोटं चरबीची कझी, बरगडीचं मांस आतड्यात भरून मी स्वतः केलेली. न आलेल्याचा वाटा ठेवायचा असतो, आणि भांडण झालं म्हणून तो कमी करायचा नसतो. आपल्याकडे असं आहे.

कुन्सुलू


१९ जानेवारी

तोर्गिन,

मी चार पानं लिहिते, तू चार ओळी. ‘आके मला फोनवर म्हणाले, तार्लान तुझा आहे. आपाला सांगून ठेवतो म्हणाले. त्यांनी तुला सांगितलं असणार.’ बस, एवढंच. खाली सहीसुद्धा नाही.

मला कुणी काही सांगितलं नाही. तापात माणूस काय वाटेल ते बोलतो. त्याच आठवड्यात त्यांनी बेइसेनला आपल्या मेलेल्या आईच्या नावानं हाक मारली होती. त्यावरून बेइसेनला आजी म्हणायचं का?

तू त्यांना आके म्हणतेस, म्हणजे बाबा. लिहितानासुद्धा किती सहज लिहितेस. मी कधी म्हटलं नाही. मी थोरली. थोरलं मूल आजी-आजोबांचं. जन्मल्या आठवड्यात मला त्यांच्या मांडीवर दिलं आणि मी आजीची मुलगी झाले. आजीला आई म्हणायचे, आईला वहिनी आणि वडिलांना आगा, म्हणजे दादा. आपल्या थोरल्यांसमोर माणूस स्वतःच्या पोराला कुरवाळत नाही, लाज असते. आगांनी ती लाज शेवटपर्यंत पाळली. एका अंगणात राहायचो आम्ही. मला ते ‘आईची लेक’ म्हणायचे. “आईची लेक जेवली का?” हे ते तिसऱ्याच कुणाला विचारायचे.

मग नऊ वर्षांनी तू आलीस. तोवर आजी-आजोबांचा वाटा देऊन झाला होता, त्यामुळे तू त्यांची. पाच वर्षांची झालीस तेव्हा त्यांनी तुझ्यासाठी लहान मुलांचं खोगीर आणलं, पुढेमागे लाकडी कठडा असलेलं, आत लाल गादी. तुला आठवत नसेल. मला त्या गादीवरची शिवणसुद्धा आठवते. मी दारात पुस्तक घेऊन उभी होते. आजी म्हणाली, “तुला कशाला घोडा? तू शिकणारी.” खरंच शिकले. जिल्ह्याच्या वाचनालयातली एकूण एक पुस्तकं वाचली, एकोणतीस वर्षं इतिहास शिकवला, आजही मी उभी राहिले की सभागृह गप्प होतं. पण घोडा मला बघून कान मागे पाडतो.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. रीत आहे, आणि रीत कुणा एकट्याचं बघून बनवलेली नसते.

आजीचं एक सांगते, कारण ते तू ऐकलेलं नाहीस. ती आगांशी बोलायची नाही त्याबद्दल, माझ्याशीच बोलायची. ती तेरा वर्षांची होती तेव्हा कळप सरकारजमा झाले. मोजून नेले, आणि तिकडे चाऱ्याविना मेले. इथं माणसं मेली. तिच्या घरातली नऊपैकी सात. तिच्या बापानं एक घोडी दरीत लपवली होती. ती त्यानं कापली आणि बर्फात पुरून ठेवली, आणि आजी रोज अंधार पडल्यावर जाऊन हाताएवढा तुकडा खरवडून आणायची. त्या घोडीचं नाव तिला मरेपर्यंत पाठ होतं. नमाजात बापाच्या नावाआधी ती घोडीचं नाव घ्यायची. आता तू मला सांग, तुझ्या अर्जावर सही करणाऱ्यांपैकी कुणाला घोड्याबद्दल जास्त कळतं?

अकरा दिवस मी आगांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं. पान उलटलं की ते विचारायचे, “तोर्गिनचा फोन आला होता का?”

मी सांगायचे, आला होता. आला नसला तरी.

कुन्सुलू


२५ मार्च

तोर्गिन,

दोन महिने तुझं पत्र नाही. नौरूझ झाला. मोठ्या कढईत सात धान्यांचं कढण आणि त्यात हिवाळ्याच्या मांसाचा शेवटचा तुकडा, जुन्या वर्षानं नव्याला दिलेला. गाव जेवलं. तुझी कझी मी काढली नाही, ती फ्रीजरमध्ये तळाला आहे. बेइसेन दोनदा तिकडे हात घालताना सापडला. म्हणाला, “ती यायची नाही, आणि ही नुसती म्हातारी होतेय.” मी झाकण त्याच्या बोटांवर आपटलं.

जेवणं झाल्यावर झुनुसकाका मला बाजूला घेऊन बसले. काकांना विसरली नसशील. आगांचे चुलतभाऊ, आता शहात्तर वर्षांचे, दात चार, पण सुरी अजून त्यांच्याच हातात. ऑगस्टला तार्लानवर तीच चालणार आहे.

“पोरी,” ते म्हणाले, “एक विचारून ठेवतो. तुझा बाप गेला तेव्हा तो घोडा त्याचाच होता ना? कुणाला देऊन टाकलेला नव्हता?”

“का?”

“का म्हणजे? दिलेलं जनावर दुसऱ्याचं असतं. दुसऱ्याचं जनावर बापाच्या नावानं कापलं तर ती चोरी. त्याला काही पोचत नाही. उलट तो तिकडे तसाच पायी चालत राहतो, आणि वर लोकांचं देणं त्याच्या डोक्यावर. मी अशा घोड्यावर सुरी चालवणार नाही. म्हातारपणी मला कुणाचे शाप नकोत.”

“नव्हता दिलेला,” मी म्हणाले.

“नक्की?”

“काका, मी इतिहासाची शिक्षिका आहे. पुरावा नसलेलं मी बोलत नाही.”

“ते खरं,” काका म्हणाले. “तुझ्याशी बोलणं म्हणजे चार दातांनी हाड फोडणं.” आणि उठले.

हे मी तुला का लिहिलं ते मला माहीत नाही. पत्र फाडणार होते. पण एकदा लिहिलेलं फाडायची मला सवय नाही.

कुन्सुलू


४ जुलै

तोर्गिन,

तू येणार नाहीस हे मला झुनुसकाकांकडून कळलं. त्यांना फोन केलास, मला नाही. तार्लान कापला जाताना तुला बघवणार नाही, म्हणालीस. ठीक आहे. तिथल्या घोड्यांना तुझी जास्त गरज असेल.

इथं यंदा गोमाश्या फार आहेत. पाऊस लवकर झाला, गवत कमरेएवढं, आणि दुपारी ढगच्या ढग उठतात. तुला ठाऊक आहे त्या कशा चावतात, रक्त काढतात. घोडे दोन दोन उभे राहतात, एकाचं तोंड दुसऱ्याच्या शेपटीकडे, आणि एकमेकांच्या माश्या वारतात. तार्लानला कुणी जवळ घेत नाही. त्याच्याकडे दुसऱ्याला द्यायला शेपूट नाही.

हे मला सुचलंच नव्हतं. पंधरा पुस्तकांत मी ही रीत वाचली होती. शेपूट कुठून कापायची, कुणी कापायची, वर्षभर काय करायचं नाही, सगळं. माश्यांबद्दल कुणीही लिहिलेलं नाही.

गेल्या महिन्यात बेइसेन जेवताना म्हणाला, “तुझा घोडा बघून आलो. पोटाखाली सगळं रक्त. डोकं आपटत फिरतोय. वर्षाच्या जेवणापर्यंत त्याच्यात खायला काही राहिलं तर बघ.”

मी गेले. नुसतं बघायला गेले होते. तो ओढ्याशी उभा होता, थरथरत. त्याच्या कातडीवर काळं हलत होतं. मी विलोची एक फांदी मोडली, पानांसकट. लांबूनच झटकली. त्यानं कान मागे पाडले. मी म्हणाले, “पाड. मला काय, मी तुला कापणारीच आहे.” आणि झटकत राहिले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. आता रोज जाते, अकरा ते चार. डोक्याला रुमाल, हातात फांदी, दुसऱ्या हातात पुस्तक. गावात चेष्टा चालू आहे. बेइसेन परवा लांबून ओरडला, “सभेत बोलतेस तसं त्याच्याशी बोलू नकोस, त्याला मत नाही!” मी खरंच बोलत होते. माझा सगळा मुद्दा त्याला समजावून सांगत होते, बर्फ, कळप, भूक, आजीची घोडी. एक वाक्य बदलावं असं मला वाटलं नाही. ते सगळं मला अजून खरं वाटतं, तोर्गिन, त्याच्या समोर उभं राहूनही.

तू त्याला शिट्टी मारायचीस, दोन लांब एक आखूड. मी करून पाहिली. नुसती हवा निघाली.

पण मंगळवारी मी उशिरा पोचले, आणि तो आधीच ओढ्याशी येऊन उभा होता. गावाकडे तोंड करून. मी फांदी मोडली तेव्हा तो वळला आणि स्वतःहून पाठ माझ्याकडे केली, जिथं शेपूट नाही ती बाजू.

तुझ्यासाठी असं तो कधी उभा राहिला होता का? नसावा. तेव्हा त्याला शेपूट होती.

कुन्सुलू


२१ ऑगस्ट

तोर्गिन,

काल वर्षाचं जेवण झालं. तार्लान जिवंत आहे. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

पाच गावांतून माणसं आली होती. तीन तंबू उभारले होते. तार्लानला सगळ्यांसमोर आणला, काळा दोर बांधून. पाणी पाजलं. सुरी चालण्याआधी मी बोलायचं ठरलं होतं. आठ पानांचं भाषण तयार होतं, आगांचं आयुष्य, कळप, रीत आणि शेवटी तुझ्या अर्जाला उत्तर. चांगलं लिहून झालं होतं.

झुनुसकाकांनी सुरी बाजूला ठेवली आणि विचारायचं असतं तसं मोठ्यानं विचारलं, “या जनावरावर जिवंत माणसांपैकी कुणाचा हक्क आहे का? असेल तर आता बोला.”

हे विचारतात आणि कुणी बोलत नाही. नुसती पद्धत आहे. घोड्यांनी कान हलवावेत तितका वेळ थांबतात. तेवढ्यात तार्लाननं काय करावं? माश्या होत्या, दुपार होती. त्यानं दोर धरलेल्या माणसाला ओढत नेलं आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. माझ्या हातात आठ पानं होती. मी त्यांनीच वारायला लागले.

आणि मी म्हणाले, “आहे. माझ्या धाकट्या बहिणीचा आहे. त्यांनी तिला दिला होता. मला माहीत होतं.”

आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण. टाळ्या नाहीत. एक बाई “अगबाई” म्हणाली तेवढंच. झुनुसकाका म्हणाले, “वर्षभर तोंड शिवलं होतं का गं? एरवी तर तुझ्या हातातून माइक सुटत नाही.” मग बेइसेनकडे वळले. “तुझ्याकडे काय आहे?” बेइसेन जाऊन आमचा तीन वर्षांचा लालसर घोडा घेऊन आला. हिवाळ्यासाठी पोसलेला. त्याच्यावर बेइसेनचा किती जीव होता ते मला त्याच्या चालण्यावरून कळलं, आधी माहीत नव्हतं. त्यालाही पाणी पाजलं, त्यालाही सांगितलं की दोष तुझा नाही. दोष माझा होता, तेही सांगायला हवं होतं.

मांस उत्तम होतं. मी खाल्लं. मन भरून खाल्लं, आणि त्यातल्या एका घासाचीही मला लाज नाही. त्या अर्जावर मी आजही सही करणार नाही. ताटं वाटताना काकांनी मला काय द्यावं? माझ्या वयाच्या, माझ्या मानाच्या बाईला? गुर्द्याचा तुकडा. जो पोरांना देतात तो. सगळ्यांसमोर. वर म्हणाले, “खा, वाढ अजून बाकी आहे तुझी.” मी तोही खाल्ला.

आता जे लिहायचं आहे ते.

नववा दिवस होता. दुपारी ते शुद्धीवर आले, अगदी नीट. मी वाचत होते. त्यांनी हातानं पेपर खाली केला. म्हणाले, “तार्लान धाकटीला. तिच्याशी बोललोय. कापू देऊ नकोस.” मी म्हणाले, बरं. मग ते माझ्याकडे बघायला लागले. त्यांनी माझ्याकडे असं सरळ कधी बघितलं नव्हतं. बाकीच्यांसमोर लाज, आणि एकटे आम्ही कधी नसायचोच. म्हणाले, “आणि तुला...”

आणि मी उठले, तोर्गिन. म्हणाले, चहा आणते. माझ्या छातीत इतकी आग झाली होती, मरताना, शेवटी, पुन्हा पहिलं नाव तुझं, की त्यांनी मला जे काय देऊ केलं असतं ते उष्टं वाटलं असतं. मी चुलीपाशी जाऊन उभी राहिले. चहा दोनदा उकळू दिला. परत गेले तेव्हा डोळे मिटलेले होते. पुढचे दोन दिवस ते बोलले नाहीत.

मी शेपूट कापली तेव्हा हे सगळं मला माहीत होतं. तुला जे मिळालं ते मी त्यांच्याकडेच परत पाठवणार होते. रीत माझ्या बाजूनं होती, इतिहास होता, आजीही होती. तुझ्याविरुद्ध मी जे जे बोलले त्यात खोटं काही नव्हतं. खोटं एवढंच होतं की मी ते का बोलत होते.

तार्लानच्या शेपटीचे केस आता वीतभर वाढले आहेत. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरेशी होईल असं काका म्हणतात. तोवर मी आहे. कझी अजून फ्रीजरच्या तळाला आहे. तू आता खात नाहीस हे मला माहीत आहे. ये, आणि माझ्यासमोर नको म्हण. तुझा घोडाही घेऊन जा किंवा इथं ठेव. ठेवलास तर बरं होईल, पण ते मी मागत नाही.

मागते आहे ते दुसरंच. ते तुझ्याशी फोनवर बोलायचे. तार्लानचं बोलले त्या दिवशी, किंवा आधी कधी, मला काय द्यायचं असं काही म्हणाले होते का? घोडा नको, वस्तू नको. एखादं वाक्य असलं तरी चालेल. म्हणाले नसतील तर तसंच लिही. माझी समजूत घालायला खोटं लिहू नकोस, मला ते लगेच कळतं. आकेंनी काय म्हटलं होतं, तेवढंच लिही.

तुझी बहीण
कुन्सुलू